ग्रोसरी आउटलेटमधला माल 'रिजेक्ट' असतो का? सगळा किराणा तिथूनच भरावा का?

प्रश्न असा होता: कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला नुकतेच आलोय, घराजवळ ग्रोसरी आउटलेट या स्वस्त किराणा चेनचं दुकान आहे, तिथे चांगल्या ब्रँडचं सामान निम्म्या किमतीत दिसतं, नवरा म्हणतो रिजेक्ट माल असणार, शेजारीण म्हणते आम्ही दहा वर्षं तिथलंच खातोय. एक्सपायर्ड असतं का, महिन्याचा सगळा किराणा तिथूनच भरला तर चालेल का, आणि मागच्या आठवड्यात मिळालेलं चीज या आठवड्यात गायब, हे कसं?

त्यावर बरीच उत्तरं आलीत, त्यात निम्मे 'एकदम बेस्ट' आणि निम्मे 'अजिबात जाऊ नका' म्हणणारे आहेत, आणि गंमत म्हणजे दोघांचंही आपापल्या जागी बरोबर असू शकतं. मी मूळची सांगलीची, वडिलांचं किराणा दुकान होतं, आणि गेली १४ वर्षं बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, एका पॅकेज्ड फूड कंपनीत सप्लाय प्लॅनिंगचं काम करते. म्हणजे माल किती बनवायचा, कुठे पाठवायचा आणि उरला तर त्याचं काय करायचं ते ठरवायचं. त्यातलं 'उरला तर' हे खातं बरीच वर्षं माझ्याच गळ्यात होतं, त्यामुळे असल्या दुकानांना माल विकणारी बाजू मी आतून बघितलीय, आणि ग्राहक म्हणून तर दर आठवड्याला जातेच.

तुमचा खरा प्रश्न मला वाटतं स्वस्त-महागाचा नाहीच. 'एवढं स्वस्त म्हणजे काहीतरी गडबड असणार' ही जी शंका आहे ना, ती आहे. आणि ती बरोबर आहे, गडबड असतेच. फक्त ती बहुतेक वेळा मालात नसते, कोणाच्या तरी हिशोबात असते.

कशी ते सांगते. आमच्याकडे दरवर्षी भोपळ्याच्या फ्लेवरचे बार बनायचे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इथे लोकांना भोपळा आणि दालचिनीचं वेड लागतं, कॉफीत भोपळा, बिस्किटात भोपळा, आणि नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण झाला की दुसऱ्या दिवशी ते वेड उतरतं. आपल्याकडे राखीपौर्णिमेनंतर राख्या आणि संक्रांतीनंतर हलव्याचे दागिने कोण घेतं, तसंच. आता हे बार किती खपतील याचा अंदाज आम्ही मार्चमध्ये केलेला, आणि अंदाज तो अंदाज, एका वर्षी एका मोठ्या चेनने ऑर्डर अर्ध्यावर आणली आणि डिसेंबरात आमच्या वेअरहाउसमध्ये दोन ट्रक माल उभा. माल उत्तम, तारीख पुढच्या मेपर्यंतची, पण नेहमीची सुपरमार्केटं तो घेणार नाहीत, कारण सीझन संपला. वर वेअरहाउसवाला दर पॅलेटला (माल रचायच्या लाकडी फळीला) दर महिन्याला भाडं लावतोय. मग पर्याय तीनच, फूड बँकेला द्या, पैसे भरून नष्ट करा, नाहीतर मिळेल त्या भावाला क्लोजआउटवाल्याला, म्हणजे उरलेला माल एकगठ्ठा घेणाऱ्याला, विका. आम्ही थोडा दिला, बाकीचा विकला. तुमच्या दुकानात निम्म्या किमतीला दिसणारा बार हा असा आलेला असतो.

हंगाम संपणं हे एक कारण झालं. दुसरं म्हणजे पाकीट बदलतं. नवा लोगो आला, किंवा १२ चा बॉक्स होता तो १० चा केला, की जुनं पॅकिंग एका फटक्यात अनाथ होतं, आत माल तोच असला तरी. तिसरं, नवीन फ्लेवर आपटतो. मार्केटिंगवाल्यांना वाटलं होतं लोक तुटून पडतील, लोकांनी ढुंकून बघितलं नाही. (यातले काही फ्लेवर आपटायच्याच लायकीचे असतात, ते स्वस्त असले तरी घेऊ नका.) चौथं कारण शॉर्ट डेट, आणि इथेच लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मोठी सुपरमार्केटं माल उतरवून घेतानाच बघतात की आयुष्य किती उरलंय, आणि त्यांच्या अटीपेक्षा कमी उरलं असेल तर गाडी परत पाठवतात. म्हणजे वर्षभर टिकणाऱ्या वस्तूचे पाच महिने शिल्लक असले तरी ती त्यांच्या दृष्टीने 'जुनी' झाली. घरात पाच महिने पुरणारी वस्तू, पण दुकानाच्या साखळीत तिला जागा नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर वेगळाच प्रकार बघितला, हॉटेलं, ऑफिसं आणि शाळा बंद, त्यांच्यासाठी बनवलेला मोठ्या पॅकमधला माल पडून, आणि त्याच वेळी घरगुती छोट्या पाकिटांसाठी दुकानात रिकामे रॅक. माल होता, पिशवीचा साइज चुकला होता.

आणि हा धंदा आजचा नाही. ग्रोसरी आउटलेटची सुरुवात १९४६ ची आहे, जिम रीड नावाच्या माणसाने सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याचा उरलेला माल विकायला सुरुवात केली, तेव्हा नाव कॅनरी सेल्स होतं. आता हेडऑफिस एमरीव्हिलला, २०१९ मध्ये शेअर बाजारात नोंदणी झाली, पाचशेच्या वर दुकानं आहेत. इथले जुने लोक चेष्टेने 'ग्रॉस आउट' म्हणतात, म्हणजे किळस येणं, आणि तेच लोक शनिवारी सकाळी लाइनीत उभे असतात. तेव्हा नवऱ्याला सांगा, 'रिजेक्ट' हा शब्द चुकतोय. रिजेक्ट म्हणजे तपासणीत नापास झालेला माल, आणि जो खायला सुरक्षित नाही तो कायद्यानेच विकता येत नाही. हा उरलेला माल आहे.

चीज का गायब झालं त्याचं उत्तरही यातच आहे. नेहमीच्या दुकानात संपलं की परत मागवतात. इथे परत मागवायला मागे काही नसतं, तो एक लॉट होता, संपला. शिवाय या चेनची दुकानं बहुतेक करून स्वतंत्र ऑपरेटर चालवतात, पुष्कळदा नवरा-बायको मिळून. माल ग्रोसरी आउटलेट कंपनीच्या मालकीचाच राहतो, ऑपरेटर विकतो आणि नफ्यात वाटा घेतो. काय मागवायचं यातलं बरंचसं तोच ठरवतो, म्हणून एका दुकानात चीजचा ढीग असतो आणि दहा मैलांवरच्या दुकानात ते औषधालाही नसतं. ऑपरेटर हुशार असेल तर विचारलेलं सांगतो, हे आणखी येणार आहे का, कधी आलं. विचारायला लाजू नका, वडिलांच्या दुकानात गिऱ्हाईक रोज विचारायचं 'ताजा आहे का हो', त्यात काय.

एक मात्र लक्षात ठेवा, तिथला सगळा माल क्लोजआउट नसतो. दूध, अंडी, ब्रेड, भाजी, चिकन हे रोजचं सामान ते नेहमीसारखंच आणतात, नाहीतर गिऱ्हाईक दर आठवड्याला येणार कशाला. त्यामुळे 'इथे आहे म्हणजे स्वस्त' हे गृहीत धरू नका. कधी दूध तिथे स्वस्त, कधी कॉस्टको या मोठ्या पॅकवाल्या दुकानात.

आता तारखांबद्दल, कारण मला वाटतं खरी भीती तीच आहे. आपण भारतातून येतो तेव्हा डोक्यात 'एक्सपायरी' हा एकच शब्द असतो, तारीख गेली की विकणं बेकायदेशीर, विषय संपला. इथे तसं नाही. लहान बाळांचा फॉर्म्युला, म्हणजे आईच्या दुधाऐवजी देतात ते तयार दूध, सोडला तर अमेरिकेत फेडरल कायद्याने तारीख छापायची सक्तीच नाही, कंपन्या आपल्या मनाने छापतात, आणि त्यात 'बेस्ट बाय', 'सेल बाय', 'यूज बाय', 'एन्जॉय बाय' असा सगळा गोंधळ. 'बेस्ट बाय' म्हणजे कंपनी सांगते की या तारखेपर्यंत चव आमच्या मनासारखी राहील. 'सेल बाय' ही तर दुकानदारासाठीची तारीख, तुमच्यासाठी नाहीच. कॅलिफोर्नियाने हा घोळ मिटवायला २०२४ मध्ये एबी ६६० हा कायदा केला. १ जुलै २०२६ पासून दर्जासाठी 'बेस्ट इफ यूज्ड बाय' आणि सुरक्षिततेसाठी 'यूज बाय' असे दोनच प्रकार, आणि गिऱ्हाइकाला दिसेल असं 'सेल बाय' छापायला बंदी. पण जुन्या तारखांचा माल पुढे बरेच दिवस शेल्फवर दिसेल, त्यामुळे फरक माहीत असलेला बरा.

माझा स्वतःचा नियम असा. कोरडं, डबाबंद किंवा फ्रोजन असेल आणि तारीख 'बेस्ट'वाली असेल तर जवळ आलेली तारीख मला चालते, मात्र घरात तेवढ्या दिवसांत संपणार असेल तरच. बाळाचा फॉर्म्युला तारीख उलटलेला कधीही नाही, कितीही स्वस्त असला तरी. थंड सामान, म्हणजे मांस, मासे, तयार सॅलड, मऊ चीज, यात मी कंजूषपणाच्या उलट वागते, जरा शंका आली की सोडते. डबा फुगलेला असेल किंवा शिवणीवर, कडेच्या जोडावर चेपलेला असेल तर हातही लावत नाही, कारण तिथून जंतू आत गेले तर बॉट्युलिझमचा, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचा, धोका असतो आणि तो वासावरून कळत नाही. मध्ये पोटावर किरकोळ चेपला असेल तर चालतं. अंड्यांच्या खोक्यावर तारखेशेजारी तीन आकडी नंबर असतो, तो वर्षातला दिवस, ०३२ म्हणजे १ फेब्रुवारीला पॅक केली. मी तो बघते. फ्रिजमध्ये अंडी घरी आणल्यापासून तीन ते पाच आठवडे आरामात टिकतात.

तेल असलेल्या वस्तूंचा प्रश्न वेगळा. अक्रोड, बदाम, गव्हाचं पीठ, चिप्स, हे तारखेच्या आत असूनही खवट होऊ शकतात, उष्णतेने. हे मी माझ्याच पैशाने शिकलेय. बे एरियात यायच्या आधी मी सॅक्रामेंटोलाच राहत होते, तेव्हा एका क्लोजआउट दुकानात अक्रोड इतके स्वस्त मिळाले की बारा पाकिटं उचलली, फ्रीजरमध्ये जागा नव्हती म्हणून गॅरेजमध्ये ठेवली, आणि जुलै म्हणजे तुम्हाला कळेलच आता तिथला जुलै काय असतो. ऑगस्टमध्ये अक्रोडाच्या वड्या केल्या, सासऱ्यांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि काही न बोलता पाणी प्यायले. दुकानाचा काही दोष नाही, अक्रोड चांगलेच होते, हाव माझी. दहा पाकिटं टाकली, म्हणजे जी दोन खाल्ली ती सोन्याच्या भावाने पडली.

किमतीबद्दल एक गोष्ट भारतातून आलेल्यांना सांगावीच लागते. इथे एमआरपी नाही. आपल्याकडे पाकिटावरच किंमत छापलेली, त्यामुळे दुकानदाराने दहा टक्के सोडले म्हणजे खरंच दहा टक्के सोडले. इथे कंपनी किंमत छापत नाही, त्यामुळे शेल्फवर 'दुसरीकडे इतके डॉलर' असं लिहिलेलं आणि पावतीच्या खाली 'तुम्ही आज इतके वाचवले' असं येतं, ते कशाच्या तुलनेत? पूर्ण भावाच्या सुपरमार्केटच्या तुलनेत. तुम्ही तिथे जाणारच नव्हतात, तुम्ही इंडियन स्टोअर, कॉस्टको नाहीतर विनकोसारख्या स्वस्त दुकानात जाणार होतात, मग ती बचत तुमची नाही. मी पावतीवरचा तो आकडा वाचतच नाही, फोनमध्ये नेहमीच्या वीस-पंचवीस वस्तूंचे औंसामागे (औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम) भाव लिहून ठेवलेत, तेवढेच बघते. एक उदाहरण घ्या. समजा ग्रीक योगर्टचा ५.३ औंसाचा कप ६९ सेंटला लागलाय, बघायला झकास. औंसाला १३ सेंट झाले. आणि नेहमीच्या दुकानात ३२ औंसाचा मोठा डबा ३.९९ ला, म्हणजे औंसाला साडेबारा. श्रीखंडाला योगर्ट लागणार असेल तर सवलतीचे सहा कप घेणारा माणूस जास्त पैसे देऊन वर सहा प्लॅस्टिकचे डबे घरी आणतो. मुलांच्या डब्याला मात्र कपच सोयीचा, मग घ्या. बऱ्याच बाटलीबंद पेयांवर कॅलिफोर्नियात रिकाम्या बाटलीचं डिपॉझिट वेगळं लागतं, २४ औंसाच्या आतली असेल तर ५ सेंट, २४ किंवा त्याहून मोठी असेल तर १० सेंट, तेही भावात धरा.

आता 'सगळा किराणा तिथूनच' याबद्दल. नाही चालणार, आणि त्याचं कारण दर्जा नाही. आपल्या घरची यादी काढा, तूरडाळ, मूगडाळ, पोहे, ज्वारीचं पीठ, शेंगदाणे, गूळ, कढीपत्ता. यातलं तिथे जवळजवळ काही नसतं, असलं तर तो योगायोग. उलट तिथे चांगलं काय मिळतं तर चीज, लोणी, योगर्ट, ओट्स, कॉफी, फ्रोजन मटार आणि पालक, टोमॅटोचे डबे, डबाबंद छोले, सुकामेवा, बिस्किटं आणि चॉकलेट. भारतात जायच्या आधी बॅग भरायला चॉकलेट मी तिथूनच घेते, व्हॅलेंटाइन किंवा ईस्टर होऊन गेलं की, बदामाच्या आकाराचं लाल पाकीट बघून आत्याला काही फरक पडत नाही. तारीख मात्र पाहून घ्या, कारण आत्या ते चॉकलेट दिवाळीपर्यंत फ्रिजमध्ये जपून ठेवणार.

शाकाहारी असाल तर आणखी एक. नेहमीच्या ब्रँडच्या नेहमीच्या वस्तूत काय आहे ते आपल्याला पाठ झालेलं असतं. इथे दर वेळी नवीन ब्रँड, नवीन फ्लेवर. भाज्यांच्या सूपमध्ये चिकन ब्रॉथ, योगर्टमध्ये जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनचं जिलेटिन, चीजमध्ये वासराच्या जठरातलं, दूध घट्ट करणारं रेनेट, हे सगळं बारीक अक्षरात असतं. आणि कोणाला ॲलर्जी असेल तर 'हे आपण मागे घेतलं होतं' म्हणून न वाचता घेऊ नका, जुन्या आणि नव्या पॅकिंगमध्ये रेसिपीही बदललेली असू शकते.

बाकी किती फायदा होईल ते तुमच्या परिस्थितीवर आहे. घरात चार माणसं, मोठा फ्रीजर, आणि दुकान चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर खूपच. दोघंच असाल, अपार्टमेंटमधला छोटा फ्रिज, आणि तेवढ्यासाठी वीस मैल गाडी काढणार असाल तर पेट्रोलात जाईल. आणि स्वभावाचाही भाग आहे हो. काही लोकांना स्वस्त दिसलं की सोडवत नाही. माझी एक मैत्रीण चाळीस डॉलर वाचवायला गेली आणि ऐंशी डॉलरचं सामान घेऊन आली, त्यात आर्टिचोकच्या सहा बरण्या, आर्टिचोक म्हणजे काय हे तिला घरी येऊन शोधावं लागलं.

म्हणून मी क्रम असा ठेवते. आठवड्याची खरेदी तिथून सुरू करायची, यादी न घेता, पण घरात काय संपलंय ते डोक्यात ठेवून. मिळेल ते घ्यायचं, आणि उरलेली यादी मग इंडियन स्टोअर किंवा दुसऱ्या दुकानात पूर्ण करायची. उलट क्रमाने गेलं की काय होतं, सगळं आधीच घेतलेलं असतं आणि इथे फक्त हौसेची खरेदी होते. वस्तू हातात घेतली की आधी मनात विचारायचं, हे इथे का आलं असेल. ख्रिसमसचं पाकीट, जुना लोगो, तारीख जवळ, काहीतरी कारण दिसतं. कारण दिसलं आणि त्याचा खाण्याशी संबंध नसला की मी निर्धास्त घेते. काहीच कारण दिसत नसेल, ब्रँडही अनोळखी असेल, तर बहुधा तो फ्लेवर आपटलेला असतो, मग एकच घेते.

पण समजा काहीतरी नवीन आवडण्यासारखं दिसलं आणि लॉट संपायच्या आत साठा करायचाय, तर एकच पाकीट घ्या, पैसे भरा, पार्किंगमध्ये गाडीत बसून उघडा आणि खाऊन बघा. आवडलं तर तसेच परत आत जाऊन आणखी चार घ्या, दुसऱ्या दिवशीवर टाकू नका, दुसऱ्या दिवशी नसतं, तुमच्या चीजचं झालं तसं. यासाठी माझ्या गाडीत कायम एक चमचा आणि कात्री असते. योगर्टला चमचा लागतोच, आणि इथली पाकिटं हाताने फाटत नाहीत.